देव एकदाच हिशेब द्यायला येतो



सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझ्या मराठीत मधूनच तमिळ डोकावेल. मी तंजावरच्या मराठी लोकांतली. व्यंकोजी राजांच्या पाठोपाठ जी घराणी कावेरीकाठी गेली आणि तिथलीच झाली, त्यांतलं आमचं एक. घरात मराठी, दुकानात तमिळ, शाळेत इंग्रजी. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा सासूबाईंनी माझं बोलणं ऐकून यजमानांना हळूच विचारलं होतं, "ही मराठीच बोलते ना रे?" आता बावीस वर्षं झाली, जमतं बऱ्यापैकी.

पुण्यात मी कर-सल्लागार म्हणून काम करते. किराणा दुकानदार, छापखाने, खानावळी, वर्कशॉपवाले, अशा लोकांचे हिशेब आणि जीएसटीचे रिटर्न भरणं हे माझं रोजचं काम. आज मला विषय दिला आहे, "छोट्या धंद्याचा वारसदार". कायद्याचं थोडं बोलणारच आहे. पण आधी माझ्या घरची गोष्ट सांगते, कारण या विषयात मी पहिली नापास झाले ती माझ्याच वडिलांच्या दुकानात.

आमचं मूळ घर इन्नंबूरला. कुंभकोणमच्या जवळचं गाव, स्वामीमलैच्या बाजूला. गावात शंकराचं जुनं देऊळ आहे. देवाचं नाव एळुत्तरिनाथर, म्हणजे अक्षरं जाणणारा देव. त्या भागात मूल शाळेत घालायच्या आधी या देवळात आणतात, पहिलं अक्षर देवासमोर गिरवून घेतात. मी आणि माझा अण्णा, आम्ही दोघंही तिथेच बसलो.

या देवाची एक कथा आहे. चोळ राजाच्या काळी देवळाचा हिशेब ठेवणारा एक पुजारी होता. राजाला हिशेबाबद्दल शंका आली आणि त्याला दरबारात बोलावणं आलं. माणूस प्रामाणिक, पण गांगरला. रात्रभर देवाची करुणा भाकली. दुसऱ्या दिवशी भीत भीत दरबारात गेला, तर राजा म्हणाला, "आता परत कशाला आलात? मघाशीच तर सगळा हिशेब समजावून गेलात!" देव त्याचंच रूप घेऊन येऊन गेला होता.

आमचे अप्पा ही कथा दर विजयादशमीला सांगायचे. त्यांचं तात्पर्य ठरलेलं, "हिशेब चोख ठेवा, देव पाठीशी उभा राहतो." मीही तेच धरून चालले. म्हणून असेल, हिशेबाच्याच धंद्यात आले. पण अप्पा गेल्यावर त्या कथेत मला दुसरंच काहीतरी दिसलं. त्या देवळाचा हिशेब एकाच माणसाला कळत होता. तो गडबडला तेव्हा तो हिशेब सांगू शकणारा दुसरा माणूसच नव्हता. म्हणून देवाला यावं लागलं. आणि देव एकदाच आला.

अप्पांचं कुंभकोणमच्या बाजारात पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. आजोबांनी सुरू केलेलं. मुख्य माल समयांचा. कुंभकोणमपासून जवळच नाचियारकोइल नावाचं गाव आहे, तिथल्या समया सगळ्या तमिळ मुलखात नावाजलेल्या. त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालंय. ही समई अखंड नसते. बैठक वेगळी, खांब वेगळा, तेलाची वाटी वेगळी, वरचा हंस वेगळा, आणि ते सगळं आट्यांनी एकात एक बसतं. लहानपणी मला वाटायचं, कुठलाही खांब कुठल्याही बैठकीत बसेल. तसं नसतं. अप्पांना हात लावला की कळायचं कुठला खांब कुठल्या बैठकीचा.

दुकान म्हणजे अप्पा आणि दुकानात तीस-बत्तीस वर्षं काम करणारे एक गृहस्थ. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. माल मोजणं, गिऱ्हाईक सांभाळणं, नाचियारकोइलला जाऊन कारागिरांकडून काम करून घेणं, हे मामांकडे. पैसा आणि वह्या अप्पांकडे. अण्णा बंगळूरला नोकरीत. मी पुण्यात. जीएसटी आला २०१७ च्या जुलैत, तेव्हापासून अप्पांचे रिटर्न मीच पुण्याहून भरत होते. ते बिलांचे फोटो पाठवायचे, मी भरायची. त्यामुळे मला वाटायचं, अप्पांचं दुकान मला माहीत आहे. मला त्यांची उलाढाल माहीत होती. धंदा माहीत नव्हता.

२०१९ च्या मार्चमध्ये त्यांचा फोन आला होता. म्हणाले, "या खेपेला आलीस की जरा वह्या दाखवतो तुला." मी म्हटलं, "अप्पा, मार्च संपू दे." मार्च म्हणजे आमच्या धंद्यातली लग्नसराई. मार्च संपला, मग एप्रिलची ऑडिटं, मग मुलीची शाळा. जुलैत अप्पा गेले. सकाळी दुकान उघडलं, देवासमोर दिवा लावला आणि खुर्चीत बसले ते बसलेच. अडुसष्ट वय.

तमिळ पंचांगात तो आडी महिना होता. आडीत लग्नं नसतात, बाजार थंड असतो. पुढच्या आवणीत लग्नं सुरू होतात आणि समयांची मागणी वाढते. म्हणजे आमच्या हातात साधारण महिनाभर होता.

तेराव्यानंतर मी आणि अण्णा दुकानात बसलो. काय काय झालं ते क्रमानं सांगते, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी हाच क्रम असणार आहे.

पहिली गोष्ट, बँक. दुकान अप्पांच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप. बँकेला कळवल्यावर चालू खातं थांबलं. यात बँकेचं काही चुकलं नाही, नियमच तो आहे. एकट्या मालकाचा धंदा आणि मालक हे कायद्यानं वेगळे नसतातच. आमच्याकडे अप्पांनी आईला दिलेलं मुखत्यारपत्र होतं. आईला वाटलं, हे दाखवलं की झालं. पण मुखत्यारपत्र देणारा गेला की त्या क्षणी तेही संपतं. हे मी शंभर लोकांना सांगितलं असेल, स्वतःच्या आईला कधी सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट, देणेकरी आणि घेणेकरी. ज्यांचं येणं होतं ते सगळे पंधरा दिवसांत येऊन गेले. कुणी चिठ्ठी घेऊन, कुणी नुसत्या शब्दावर. ज्यांच्याकडून आमचं येणं होतं, त्यातला एकही आला नाही. सांत्वनाला आले, पैशाचं बोलले नाहीत. आणि अशी उधारी कायद्यानं वसूल करायची म्हटलं, तर देणारा सांगू शकतो, आधी कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र आणा. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा लावायला मुदत तीन वर्षांची. म्हणजे एकीकडे कागद मिळायचे आहेत आणि दुसरीकडे घड्याळ चालू आहे.

तिसरी गोष्ट, जागा. दुकानाची जागा भाड्याची. भाडेपावती आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

चौथी गोष्ट, वारस कोण? आम्ही म्हटलं, आई, अण्णा आणि मी. तहसीलदारांकडे वारस दाखल्याला गेलो तेव्हा लक्षात आलं, आज्जी आहे की! नव्वद वर्षांची अप्पांची आई. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. म्हणजे प्रत्येकी चौथा. पुष्कळ घरांत आई हयात असूनही ती वारस आहे हे कुणाच्या डोक्यातच नसतं. भांडण नसेल तर हरकत नाही. पण एखाद्या काकांना, आत्यांना वाटलं की आईच्या हिश्शात आमचं काय, तर दुकानाला कुलूप.

आणि पाचवी गोष्ट, वह्या. अप्पांच्या सात वह्या होत्या. मामांना वाचता येईनात, कारण त्यांना फक्त तमिळ येतं. अण्णालाही वाचता येईनात, कारण त्याचं मराठी बोलण्यापुरतं. अप्पांनी नावं तमिळमध्ये लिहिली होती आणि बाकी सगळं बाळबोध मराठीत, तेही तुटक. "ना. ३ जो. उ. १२" असं. आजोबांनी त्यांना तसं शिकवलं होतं, बाजारातल्या दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणून. आणि खरंच कुणाला कळत नव्हतं.

ती वाचू शकणारी एकटी मी होते. आणि तीही अर्धीच. 'ना.' म्हणजे नाचियारकोइल, '३ जो.' म्हणजे तीन जोड्या, 'उ. १२' म्हणजे बारा हजारांची उचल, हे मामांच्या मदतीनं लागलं. मी वाचायचे, मामा आठवायचे, अण्णा कॉम्प्युटरवर टाकायचा. एकवीस रात्री बसलो. आवणीतल्या लग्नांच्या अकरा ऑर्डरी निघाल्या, सगळ्यांचे पैसे आगाऊ घेतलेले. कारागिरांना पितळ आणि उचल दिलेली, त्यातल्या चार जणांकडे. बाकीच्या सात ऑर्डरींचं पितळ कुठे आहे, कुणाला ठाऊक नाही. त्या सात समयांच्या जोड्या आम्ही घरातले पैसे घालून बनवून घेतल्या. लग्नाची समई वेळेवर नाही मिळाली तर ते घर जन्मभर विसरत नाही.

त्या एकवीस रात्रींत मला सगळ्यात जास्त काय बोचलं, सांगते. पितळ नाही, पैसे नाहीत. वह्या मला वाचता येत होत्या, हे. अप्पांनी ज्याला त्या दाखवायला हव्या होत्या ते माणूस घरात होतं. फक्त ते माणूस मुलगी होतं, लग्न होऊन गेलेलं. त्यामुळे तीस वर्षं त्यांच्या मनात आलं नाही, आणि मनात आलं तेव्हा मला मार्च होता. मीही कधी आपणहून विचारलं नाही. लग्न झालेल्या मुलीनं दुकानाचं विचारलं तर लोकांना वाटतं, हिची इस्टेटीवर नजर आहे. तर असं, बाप संकोचला आणि मुलगीही संकोचली.

मंडळी, हे आमच्याच घरचं नाही. आमच्या तंजावरचा इतिहासच वारसाच्या घोळाचा आहे. १७८७ साली तुळजाजी राजे गेले. जाण्याच्या थोडंच आधी त्यांनी सरफोजींना दत्तक घेतलं होतं. हे दत्तक शास्त्राला धरून नाही असं मत पंडितांकडून मिळवण्यात आलं आणि गादीवर अमरसिंह बसले. सरफोजींना गादी मिळेपर्यंत १७९८ उजाडलं. आणि दुसऱ्याच वर्षी, १७९९ च्या तहानं, राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. अकरा वर्षं घर आपसात गुंतलं होतं, त्यात तिसऱ्याचा फायदा झाला. पुढे १८५५ साली सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे मुलगा नसताना वारले. कंपनीनं राज्य तर खालसा केलंच, राजघराण्याची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई साहेब लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढल्या. १८५९ साली निकाल लागला, ही राज्यसत्तेची कृती आहे, कोर्टाला यात पडता येत नाही.

कंपनीनं जे केलं ते अन्यायाचंच होतं. पण मी हिशेबवाली बाई, मला त्यात आणखी एक दिसतं. राज्य कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं, ती रेघ बाहेरच्यानं ओढली. आपल्या दुकानाचंही तेच. गल्ल्यातून घरखर्च, घरच्या खात्यातून मालाचे पैसे, घरावर कर्ज काढून दुकानात टाकलेलं. मालक आहे तोवर सगळं त्याच्या डोक्यात वेगवेगळं असतं. मालक गेला की बाहेरचा येऊन रेघ ओढतो, बँक असो, सावकार असो, नाहीतर कोर्ट असो.

आता कामाचं बोलू. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मालकाला मी आता पाच गोष्टी विचारते.

पहिली, तुमच्या डोक्यातलं कागदावर आहे का? दोनशे पानी वही घ्या. कुठल्या बँकेत काय आहे, कुणाचं देणं, कुणाकडून येणं, कारागिरांना दिलेली उचल, भाडेकरार कुठे आहे, परवाने कधी संपतात, विमा कुठला, कुठला ओटीपी कुठल्या फोनवर येतो, माल कुणाकडून आणि का त्याच्याकडूनच. खानावळवाले असाल तर मसाल्याचं प्रमाण. आणि ते अशा अक्षरांत लिहा की दुसऱ्याला वाचता येईल. महिन्यातून एकदा, समजा प्रत्येक अमावास्येला, ती वही तासभर उघडायची. कुठे ठेवली आहे ते दोन माणसांना माहीत हवं.

दुसरी, तुमचा धंदा कागदावर काय आहे? एकट्याच्या नावावर असेल तर तुमच्याबरोबर थांबणार. मुलांना नवी जीएसटी नोंदणी घ्यावी लागते. धंदा पुढे चालवायचा असेल तर शिल्लक पडलेलं क्रेडिट आयटीसी-०२ नावाचा फॉर्म भरून नव्या नोंदणीकडे नेता येतं, ते सोडू नका. पण हेही लक्षात ठेवा, धंदा पुढे चालवला तर वडिलांचा थकलेला जीएसटी चालवणाऱ्यावर येतो. बंद केला तर तो त्यांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेतूनच, तेवढ्यापुरताच वसूल होतो. म्हणून "चालवायचं की नाही" हे आधी हिशेब बघून ठरवा, भावनेच्या भरात शटर वर करू नका.

भागीदारी असेल तर १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ४२ बघा. करारात वेगळं लिहिलं नसेल तर एक भागीदार गेला की पेढी विसर्जित. करारात "एकाच्या मृत्यूनं पेढी संपणार नाही" असं लिहून घ्या. आणि यातली मेख सांगते. दोनच भागीदार असतील तर त्या वाक्याचा उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. तिसरं माणूस घ्या, बायको, मुलगी, सून, विश्वासातला कामगार. धंदा वाढला असेल तर एलएलपी किंवा प्रायव्हेट कंपनीचा विचार करा, माणूस गेला तरी ती राहते. एकट्याची कंपनी काढलीत तर कायदाच तुम्हाला नॉमिनी आधी लिहायला लावतो. म्हणजे सरकारलासुद्धा कळलंय, एकट्या माणसाला हा प्रश्न विचारावाच लागतो.

तिसरी, मृत्युपत्र आहे का? साध्या कागदावर चालतं. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, केली तर बरं. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. इथे बरेच जण म्हणतात, "मी सगळीकडे नॉमिनी लावलाय." मंडळी, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी म्हणजे पैसे हातात घेऊन वारसांसाठी सांभाळणारा. आयुर्विम्याबाबत, २०१५ मध्ये कायदा बदलण्याआधी, सर्वोच्च न्यायालयानं हे १९८३ मध्ये सांगितलं. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत १४ डिसेंबर २०२३ रोजी सांगितलं, आणि तो खटला कुणाच्या मालमत्तेचा होता? आपल्या घराघरांत ज्यांचं कॅलेंडर भिंतीवर असतं त्या 'कालनिर्णय'च्या जयंत साळगावकरांच्या. ते २०१३ साली गेले, मृत्युपत्र केलेलं होतं, आणि काही गुंतवणुकींवर नॉमिनीही होते. मग नॉमिनी मोठा की वारस, हा प्रश्न दिल्लीपर्यंत गेला. उत्तर आलं, वारस. तेव्हा मृत्युपत्रात एक लिहिलेलं आणि नॉमिनीत दुसरं, असं ठेवू नका. दोन्ही एका दिशेनं जाऊ द्या.

चौथी, कुणाला विचारलंत? "मुलगा बघेल" हे उत्तर नाही. मुलाला विचारलंत का? त्याला नको असेल तर त्याला मोकळं करा, त्यालाही सुटल्यासारखं वाटेल. मुलीला विचारलंत का? वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच हक्क तमिळनाडूनं १९८९ मध्ये दिला, महाराष्ट्रानं १९९४ मध्ये, साऱ्या देशाला २००५ मध्ये मिळाला, आणि तो जन्मानंच आहे हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये पक्कं केलं. पण मी हक्काचं म्हणत नाहीये. मी विचारण्याचं म्हणतेय. हिस्सा देणं आणि वही दाखवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी सगळ्यांना सारखी वाटता येते, खुर्ची वाटता येत नाही. खुर्चीवर कोण, हे एक नाव ठरवायला लागतं, आणि बाकीच्यांना का नाही, ते तुम्ही जिवंतपणी तुमच्या तोंडानं सांगायला लागतं. चितळ्यांचं उदाहरण बघा. भास्कर गणेश चितळ्यांनी १९३९ साली भिलवडीला दुधाचा धंदा उभा केला, १९५० साली पुण्यात मिठाईचं दुकान निघालं. भिलवडीला दूध, पुण्याला विक्री, भावाभावांची कामं वेगळी. आज पुढच्या पिढ्या तिथे उभ्या आहेत. कामं वेगळी असली की मनं जवळ राहायला जागा मिळते.

पाचवी, कधी देणार? इथे मालक गप्प होतात. मी खूप जणांना पाहिलंय. मृत्यूची भीती नसते त्यांना. भीती दोन गोष्टींची असते. गल्ला सोडला तर माझ्या औषधपाण्याला मुलापुढे हात पसरावा लागेल का? आणि सकाळी नऊ वाजता मी कुठे जाऊ? ही भीती खरी आहे, तिला हसू नका. पहिलीचा उपाय कागदावर आहे. जागा तुमच्या नावावर असेल तर ती तुमच्याकडेच ठेवा आणि धंद्याकडून भाडं घ्या. नसेल तर भागीदार म्हणून ठरलेली रक्कम करारात लिहून घ्या. दर महिन्याची तारीख ठरलेली असली की हात पसरावा लागत नाही. दुसरीचा उपाय स्वामीमलैला बघितला. तिथे पंचधातूच्या मूर्ती घडतात. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाचे लेप चढवायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मी गेले होते त्या कामशाळेत नातू माती मळत होता, मुलगा ओतकाम बघत होता आणि आजोबा शेवटी कानस घेऊन मूर्तीच्या बोटांवर बसले होते. ओतकामाची ताकद गेली म्हणून ते घरी बसले नव्हते. त्यांच्या वयाला शोभेल असं काम त्यांच्याकडे होतं. तुमच्या दुकानात असं काम कुठलं, ते शोधा.

आणि एक परीक्षा घ्या. पंधरा दिवस यात्रेला जा. काशीला जा, रामेश्वरला जा, मुलीकडे जा. फोन दिवसातून एकदा, रात्री, पाच मिनिटं. दुकान चालतंय का बघा. जे अडेल ते वहीत लिहा. पुढच्या वर्षी परत जा.

आमच्या दुकानाचं काय झालं, ते राहिलं. अण्णा म्हणाला, विकून टाकू. त्याचं चूक नव्हतं, बाजारातल्या जागेला पैसे मिळाले असते असं त्याला वाटलं. पण जागा भाड्याची, म्हणजे विकायला होतं काय? पितळ, नाव आणि मामा. त्यात सगळ्यात मोल कशाचं, तर मामांचं. ते दुसऱ्या दुकानात गेले असते तर नाचियारकोइलचे कारागीर त्यांच्याबरोबर गेले असते. तीस वर्षं आम्ही त्यांना पगार दिला, पण कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

आईनं तोडगा काढला. आज्जीनं आणि अण्णानं आपापला हिस्सा लेखी सोडला. आई, मी आणि मामा अशी तिघांची भागीदारी केली, जागामालकाशी बोलून भाडेकरार नव्यानं केला, करारात मृत्यूचं कलम घातलं. मामांनी पाच वर्षांत आमचा वाटा थोडा थोडा विकत घ्यायचा. मध्ये कोरोना आला, हप्ते थांबले, मग सुरू झाले. गेल्या वर्षी शेवटचा हप्ता आला. आता दुकानावर अप्पांचं नाव आहे आणि आत मामांची सून बसते. हिशेब कॉम्प्युटरवर, तमिळमध्ये. २०२८ साली कुंभकोणमला पुढचा महामहम आहे, बारा वर्षांनी येणारा. अप्पा म्हणायचे, त्या महामहमला दुकान मोठं करू. बहुतेक होईल.

दुकान आमच्या घरातून गेलं. पण दुकान चालू आहे. यातलं अप्पांना काय पटलं असतं, ते मला आता विचारता येत नाही. मार्चमध्ये विचारता आलं असतं.

गेल्या विजयादशमीला इन्नंबूरला गेले होते. मामांच्या नातवाचं पहिलं अक्षर होतं. मामा त्याला तीच कथा सांगत होते, राजाची आणि हिशेबनिसाची. मुलानं विचारलं, "दुसऱ्या वेळी राजानं बोलावलं तर?" मामा हसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "म्हणून तुला अक्षर शिकवतोय."

शेवटचं सांगते आणि थांबते. पुण्याला परत आल्यावर मी माझ्या स्वतःच्या ऑफिसची वही लिहायला घेतली. एकशे चाळीस पक्षकारांचे पासवर्ड माझ्या डोक्यात होते. आता पक्षकार, तारखा आणि पासवर्ड कुठे ठेवलेत, हे सगळं लिहिलंय, आणि माझ्याकडे काम करणाऱ्या मुलीला तो कप्पा दाखवलाय.

आज घरी गेलात की जेवताना एक प्रश्न विचारा. मालक असाल तर, "उद्या मी आलो नाही तर दुकान कोण उघडेल?" आणि मालकाची मुलगी, मुलगा, सून, जावई असाल तर, "वह्या केव्हा दाखवता?" संकोच वाटेल. वाटू दे. मार्च चालू असेल तरी विचारा.